हवालदार दादा, तुमची कानटोपी अजून आमच्याकडंच आहे

दादा, नमस्कार.

तुमचा नंबर लागत नाहीये. महिना होऊन गेला, दर दोन-चार दिवसांनी आई म्हणते लाव गं जरा त्या हवालदारांना, आणि दर वेळी तेच ऐकू येतं, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आजोबा म्हणतात वर पोस्टवर गेले असतील, बर्फात कुठली आलीय रेंज. म्हणून मग ठरवलं की उघडंच लिहायचं, फिरत फिरत तुमच्यापर्यंत नाहीतर वहिनींपर्यंत तरी पोचंल. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण डिसेंबरात गोवा एक्सप्रेसमध्ये साताऱ्याला रात्री चढलेला आणि एका म्हाताऱ्याला स्वतःचा खालचा बर्थ देऊन टाकलेला माणूस दुसरा कोण असणार, वाचताक्षणी कळेल तुम्हाला.

आम्ही तिघं. मी, आई आणि आजोबा, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो. करवीर तालुक्यातलं आमचं गाव, वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आईनं दोन म्हशींवर आणि थोड्या उसावर आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. धाकटा डेहराडूनच्या लष्करी अकॅडमीतनं ऑफिसर म्हणून पास आउट होणार, शनिवारी सकाळी परेड, आणि आईला आयुष्यात पंढरपूरच्या पलीकडं रेल्वेनं जायची वेळच आली नव्हती. म्हशी कुणावर टाकायच्या इथपासून सगळं होतं. शेजारच्या काकूंनी धारा काढायचं कबूल केलं तेव्हा कुठं आई तयार झाली. मला ऑफिसातनं बुधवार दुपारनंतरच सुट्टी मिळाली. तिकिटं एका ओळखीच्या एजंटकडनं काढलेली, तो शेवटपर्यंत म्हणत होता होतंय की कन्फर्म, आणि चार्ट लागला तर आईचं आणि माझं कन्फर्म, अण्णांचं आरएसी. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, आणि दोन रात्रींचा प्रवास अर्ध्या सीटवर. मिरजेला प्लॅटफॉर्मवर मी अक्षरशः रडायच्या बेतात होते पण आईसमोर कसं रडणार.

आणि मग साताऱ्याला तुम्ही आलात. खांद्यावर काळी ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी. लाइट न लावता मोबाइलच्या उजेडात बर्थ नंबर बघितलात आणि अण्णा अवघडून बसलेले दिसले तर म्हणालात, "आजोबा, या इकडं, पाय पसरा." बस एवढंच. तुम्ही कुठं झोपलात ते आम्हाला सकाळी कळलं, ट्रंक खाली ठेवून दाराजवळच्या त्या अरुंद जागेत बसून काढलीत रात्र. सुट्टी संपवून ड्युटीवर निघालेला माणूस, घरची शेवटची झोप पण पुरी झालेली नसणार, लेकरू रडत असंल मागं, हे सगळं आम्हाला नंतर सुचलं.

सकाळी आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तुम्ही पण तुमची पिशवी सोडलीत, आणि अण्णांनी विचारलं कुठली पलटण. तुम्ही मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणालात आणि दादा, खरं सांगते, गेल्या पाच वर्षांत अण्णांना एवढं बोलताना मी बघितलं नव्हतं. बेळगावचं ट्रेनिंग सेंटर, तिथला ग्राउंड, त्यांच्या वेळचे उस्ताद, 1768 पासूनची रेजिमेंट, सगळं सुरू झालं. अण्णा नाईक म्हणून रिटायर झाले, तुम्ही हवालदार, म्हणजे एक पायरी वर, तरी तुम्ही एकदाही त्यांचं बोलणं मध्ये तोडलं नाहीत. आपल्या कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, त्यांची गोष्ट अण्णांनी मनमाड ते भुसावळ पुरवली. थोरातसाहेबांना ऑफिसर व्हायला विलायतेला सँडहर्स्टला जावं लागलं, कारण तेव्हा डेहराडूनची अकॅडमीच नव्हती, ती 1932 साली सुरू झाली. त्यावर तुम्ही म्हणालात की पहिल्या बॅचला फक्त 40 जण होते आणि त्यात माणेकशा. अण्णा म्हणाले, "आणि आता आमचं पोरगं." असं म्हणून खिडकीकडं तोंड फिरवलं.

भोपाळ आलं तेव्हा अंधार पडलेला. मी तुम्हाला सांगितलं की धाकट्याची एसएसबी, म्हणजे लष्करात ऑफिसर निवडायची परीक्षा, इथंच झाली, पाच दिवसांचा इंटरव्ह्यू, दोनदा रिकाम्या हातानं परत आला आणि तिसऱ्यांदा रेकमेंड झाला, मग दीड वर्ष ट्रेनिंग. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता, गोठ्यातच बसायचा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि जे बोललात ते मी जसंच्या तसं लिहिते. म्हणालात, "ताई, नवीन साहेब पलटणीत आला की सुरुवातीचे सहा महिने त्याला आम्हीच सांभाळतो. त्यानं फक्त ऐकून घ्यायला पायजे. तुमचा भाऊ दोनदा पडून उठलाय, तो ऐकणार."

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला जो त्यांच्या पोटात कधीचा होता. की मी नाईक, नातू लेफ्टनंट, म्हणजे आता मी त्याला सॅल्यूट मारायचा का. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही नाही हसलात. "मारायचा की अण्णा. सॅल्यूट माणसाला नसतो, कमिशनला असतो, ऑफिसरच्या पदाला. मी पण मारतोय रोज, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरांना. मनापासनं मारतो."

ते वाक्य माझ्या डोक्यातनं अजून जात नाही.

ग्वाल्हेरच्या पुढं धुकं लागलं आणि गाडी जी रखडली ती रखडलीच. शुक्रवारी सकाळी दिल्लीत पोचायची गाडी, दुपारी डेहराडूनची गाडी पकडायची, रात्री नवाच्या आसपास पोचायचं, असा सगळा हिशोब मी वहीत लिहून आणलेला. बारा वाजले, दोन वाजले, आम्ही कुठल्यातरी शेतात उभे. बाहेर नुसतं पांढरं. दुपारची गाडी हातची गेली. आई काही बोलत नव्हती, पदराच्या गाठीतली अंबाबाईच्या कुंकवाची पुडी तेवढी सारखी चाचपत होती. निजामुद्दीनला उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले, अण्णा थंडीनं कापत होते, आणि मला तिथली एक गल्ली माहीत नाही की कुठल्या दिशेला बघायचं ते कळत नाही.

तुमची जम्मूची गाडी होती त्या रात्री. नवी दिल्ली स्टेशनवरनं. तुम्ही सरळ तिकडं जायला पायजे होतं, कुणी तुम्हाला नाव ठेवलं नसतं. तुम्ही ट्रंक डोक्यावर घेतलीत, अण्णांचा हात धरलात आणि म्हणालात चला. कश्मीरी गेटच्या बस स्टँडपर्यंत रिक्षा तुम्हीच ठरवलीत, रिक्षावाला तिघांच्यावर घ्यायला तयार नव्हता तर त्याला समजावलंत, ट्रंक मांडीवर घेऊन तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी टेकलात, अर्धं अंग बाहेर. स्टँडवर डेहराडूनच्या तीन बस बघून त्यातली चांगली निवडलीत, अण्णांना चाकावरची सीट नको म्हणून कंडक्टरशी बोललात, तिकिटं काढलीत. मी गुगल पे उघडून उभी होते, तुम्ही फोन खिशातनं काढलाच नाहीत. आणि बस निघायच्या आधी परत चढलात, डोक्यावरची ती ओजी, म्हणजे लष्करी हिरव्या रंगाची लोकरी कानटोपी काढून अण्णांच्या डोक्यावर घातलीत, कान नीट झाकलेत, जसं आई लहान पोराला घालते तसं. "अण्णा, घाटात गारठा असतो." आणि तिकिटाच्या मागं तुमच्या त्या गढवाली मित्राचा नंबर लिहून दिलात.

तुमची गाडी मिळाली का हो दादा? हे विचारायचंच राहून गेलं. त्या रात्री बसमध्ये आई तीनदा म्हणाली, मिळाली असंल ना गं.

बसचं काय सांगू, हळूहळूच चालली होती. मोहंडचा घाट संपताना डाट कालीचं देऊळ येतं, तिथं ड्रायव्हरनं बस हळू करून हात जोडले, आईनं पण जोडले, तिला वाटलं आपल्या अंबाबाईचंच रूप. पहाटे तीनला डेहराडूनच्या स्टँडवर उतरलो तर तुमचे ते मित्र खरंच उभे होते, व्हॅन घेऊन, मफलर गुंडाळून. तुम्ही दिल्लीतनं त्यांना फोन केलेला. आम्हाला घरी नेलं, त्यांच्या बायकोनं पाणी तापवून ठेवलेलं, आईला आंघोळ करता आली, नऊवारी नीट नेसता आली, आणि उजाडायच्या आत चक्राता रोडवर अकॅडमीच्या गेटसमोर आम्हाला सोडलं. त्यांच्याशी बोलायला माझं हिंदी पुरलं नाही, पण आईनं त्यांच्या बायकोची ओटी भरली, ते त्यांना बरोबर कळलं. त्यांचे पण आभार, तुम्ही सांगा त्यांना, तुमच्या भाषेत सांगा.

आता परेडचं. हे तुम्हाला सांगायचं होतं म्हणूनच खरं तर लिहायला घेतलं, कारण आम्ही बघितलं आणि तुम्ही बघितलं नाही.

चेटवूड बिल्डिंग समोर, मोठं घड्याळ, ड्रिल स्क्वेअर, आणि धुक्यातनं आधी बँडचा आवाज आला, माणसं दिसलीच नाहीत. मग बुटांचा आवाज. मग एकदम सगळे. आईला तिचा कुठला ते ओळखू येईना, सगळे सारखेच दिसतात, ती सारखी विचारत होती कुठला गं, कुठला. मला पण ओळखू येत नव्हता. अण्णांनी ओळखला. "तिसऱ्या रांगेत, उजवीकडनं, हात बघ, लहानपणापासनं डावा जरा जास्त फेकतो." खरंच तोच. शेवटी स्लो मार्च करत ते पायऱ्या चढले आणि अंतिम पग, म्हणजे अकॅडमीतलं शेवटचं पाऊल, ओलांडून आत गेले, हेलिकॉप्टरमधनं फुलं पडली, एक झेंडूची पाकळी आईच्या मांडीवर येऊन पडली ती तिनं कुंकवाच्या पुडीत ठेवलीय. अण्णा सगळा वेळ उभे होते. गुडघे गेलेला माणूस, बसा म्हटलं तर ऐकायला तयार नाही. डोक्यावर तुमची टोपी.

नंतर पिपिंग. खांद्यावरच्या ताऱ्यांवर पट्टी असते ती घरच्यांनी काढायची. एका बाजूला आई, एका बाजूला मी. दादा, आईची बोटं तुम्ही बघितली असतील, दशमी देताना. रोज पहाटे चारला दोन म्हशी पिळणारी बोटं, अंगठ्याला घट्टा पडलेला, एरवी त्या बोटांतनं काही सुटत नाही. त्या दिवशी एक छोटी पट्टी निघेना. नख लागेना, हात नुसता थरथरतोय. धाकटा समोर सरळ उभा, हनुवटी वर, हलायला परवानगी नसल्यासारखा, आणि हळूच म्हणाला, "आई, सावकाश. मी कुठं जात नाही." तेव्हा निघाली.

आणि मग अण्णा पुढं आले. कानटोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट मारला. कडक. एकोणऐंशी वर्षांचा हात कपाळापाशी जराही हलला नाही. धाकट्यानं तसाच कडक परत दिला, हात खाली आणला, आणि मग वाकून पाय धरले. तुम्ही गाडीत सांगितलेलं म्हणूनच अण्णा ते करू शकले. आदल्या महिनाभर ते म्हणत होते मी आपला मागं उभा राहीन, मला तसलं जमायचं नाही. तुम्ही त्यांना ते जमवून दिलंत. बर्थ, रिक्षा, तिकिटं, टोपी या सगळ्याचे आभार आहेतच, पण हे त्याच्याही वरचं आहे.

थोड्या वेळानं एक हवालदार आले, धाकट्याचे ड्रिलचे उस्ताद. दीड वर्ष ज्यांनी याला उन्हात पळवला, ओरडले, परत परत करून घेतलं, ते समोर येऊन उभे राहिले, सॅल्यूट मारला आणि म्हणाले, "जयहिंद साहब." मी त्या क्षणी धाकट्याकडं बघितलंच नाही. त्या उस्तादांकडं बघत होते. तुम्हीच आठवलात.

त्याला सगळं सांगितलंय. तुम्ही रात्रभर दाराजवळ बसून काढलीत ते, जम्मूची गाडी धोक्यात घातलीत ते, आणि सहा महिन्यांचं ते वाक्य. तो गप्प ऐकत होता, मग म्हणाला ताई, ते वाक्य मला मेसेज करून ठेव. आता तो युनिटला रुजू झालाय. परवा फोन आलेला, त्याच्या प्लाटूनमध्ये तुमच्याच वयाचे एक हवालदार आहेत, हिमाचलचे. रोज रात्री जेवण झालं की त्यांच्याकडं जाऊन बसतो म्हणाला, काय चुकलं ते विचारतो. आई पलीकडनं ओरडली, "आणि ते सांगतील ते ऐकतोस ना?" म्हणाला, "ऐकतोय गं."

तर दादा, टोपी आईनं धुऊन, उन्हात वाळवून, कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय. अण्णा घालायला मागत होते, आई देत नाही, त्यांची आहे म्हणते. कुरिअर करायला पत्ता नाही आणि असता तरी आई करू देणार नाही. तिचं म्हणणं असं की पुढच्या सुट्टीला तुम्ही साताऱ्यासनं अडीच-तीन तासात येताय, वहिनींना आणि पोरांना घेऊन, दोन दिवस तरी राहायचं, तांबडा-पांढरा होईल, घरचं दूध आहे, सकाळी लवकर निघून जोतिबाला जाऊन येऊ. टोपी तेव्हा न्यायची.

आईनं लोकर आणून तिच्या आत एक अस्तर घालायला घेतलंय. तिकडं वर गारठा जास्त असतो म्हणाली.

तुमची,
गोवा एक्सप्रेसमधली ताई