चवथीपासून शिगम्यापर्यंत एकच लेन्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांचे फोटो येतात ते मी न चुकता बघते. परवा माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने नव्या कॅमेऱ्याबरोबर घ्यायच्या तीन लेन्सची यादी माझ्यापुढे ठेवली तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात घोळतंय. मी त्याला म्हटलं, बाबू, यातल्या दोन खोड आणि एकच ठेव. त्याला राग आला. घरच्यांनाही वाटलं की मावशी पैशांसाठी म्हणते, पण पैशांचा मुद्दा नंतरचा, आधी शिकण्याचा आहे.

मी कॅमेरा घेतला तेव्हा दुकानातून १८-५५ आणि ७०-३०० एमएम अशा दोन झूम लेन्सचं कॉम्बो घेऊन आले होते (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). पहिलं वर्षभर केलं काय तर जिथे उभी असेन तिथूनच रिंग फिरवली, लांबचं जवळ आणलं, जवळचं लांब केलं, आणि कार्डावर शेकडो फोटो जमले पण घरी येऊन बघितलं तर एकही परत उघडून बघावासा वाटायचा नाही. फोंड्यात आमच्या ओळखीचे स्टुडिओवाले काका आहेत, रोलच्या जमान्यातले, एका रोलवर ३६ फोटो आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा अशा हिशोबात हात बसलेला माणूस. त्यांनी माझे फोटो शांतपणे बघितले आणि स्वतःची जुनी ३५ एमएम काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, चवथीपासून शिगम्यापर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपासून होळीच्या सणापर्यंत, ही कॅमेऱ्यावरून उतरवायची नाही, बाकीच्या कपाटात.

३५ एमएम म्हणजे झूम नसलेली लेन्स. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी, त्यामुळे दीडपट धरून ती साधारण ५२ सारखी दिसते, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर जी ५० एमएम नॉर्मल लेन्स असायची तिच्या जवळपास. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर ५० एमएमनेच केलं. १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींचे अखेरच्या दिवसांतले आणि अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले, एवढ्या मोठ्या गर्दीतही!

पहिला दिवस चवथीचाच. आमच्या माशेलच्या घरात गणपतीची खोली लहान, त्यात वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट, आणि मागे भिंतीला पाठ टेकली तरी अख्खी माटोळी फ्रेममध्ये मावेना. मला रडू यायचं बाकी होतं कारण दरवर्षी तो फोटो सगळ्या नातेवाईकांना पाठवायचा असतो. मग तुकडे काढायला लागले, नारळांचा घोस, सुपाऱ्यांचा घड, आंबाडे, तोरंजन नावाचं एक मोठं फळ ज्यावर दिव्याचा उजेड एका बाजूनेच पडला होता. इतकी वर्षं माटोळीखाली आरती म्हटली पण आंबाड्यांच्या घोसावर एवढे रंग असतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे बघायला गेले तेव्हा दुसरी गोष्ट समजली. १८-५५ पुढे ओढली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), ही ३५ एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत. जिथे आधी १/६ सेकंद लागायचा आणि नाचणारी पोरं नुसती धूर होऊन यायची तिथे तोच आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ठेवून १/६० वर चेहरे येऊ लागले. पुस्तकात दोनदा वाचूनही हे मला कळलं नव्हतं, त्या रात्री एकदाच कळलं.

पण सगळ्यात मोठा धडा मंगेशीच्या देवळात मिळाला. आईला सातमजली दीपस्तंभापुढे उभी केली. जवळ जाऊन काढला तर आई मोठी आणि मागे स्तंभाचा खालचा तुकडा, वीस पावलं मागे आले तर आई बरीच लहान झाली, स्तंभ थोडासाच लहान झाला, आणि तो तिच्या डोक्यावर उंच चढलेला दिसला. म्हणजे पुढचं आणि मागचं यांचं नातं आपण उभे कुठे राहतो त्यावर ठरतं, लेन्स फक्त त्यातलं किती कापून घ्यायचं ते ठरवते. झूम हातात होती तोवर मी पाय हलवलेच नव्हते तर हे मला दिसणार कसं? काही महिन्यांनी तर कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळायला लागलं की इथून काय मावेल आणि काय सुटेल.

आणि माणसं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ३५ ने चेहरा घ्यायचा तर चार-पाच फुटांवर जावंच लागतं, बोलावंच लागतं. सुकं नुस्तें, म्हणजे सुकी मासळी, विकणाऱ्या एका मावशीने मला झापलंच, 'फोटो कितें काडटा गो, नुस्तें घे आदीं!' मी सुकी सुंगटां (कोळंबी) घेतली, विचारून फोटो काढला आणि पुढच्या शुक्रवारी प्रिंट नेऊन दिली तर तिने शेजारणीलाही हाक मारली. उलट आपल्या किनाऱ्यांवर लांबून मोठी लेन्स लावून बायकांचे न विचारता फोटो काढणारे मी बघितलेत, आणि पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत लोकांच्या दारात घुसून शूट करतात म्हणून तिथल्या रहिवाशांना फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्यात. हे मला मनापासून लागतं. शिकणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी ३०० ची लांबची लेन्स देऊ नका असं मी म्हणते ते यासाठीही. पक्ष्यांची गोष्ट वेगळी, चोडणच्या सलीम अली अभयारण्यात ३५ घेऊन काही हाती लागणार नाही.

आपल्या हवेचं एक सांगायलाच हवं. माझी ती ७०-३०० पहिल्याच पावसाळ्यात बॅगेत पडून राहिली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. गोव्याच्या दमट हवेत बॅगेत नुसती पडून राहिलेली लेन्स अशीच जाते, तिला हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. रोज वापरातल्या लेन्सला उजेड आणि वारा मिळतो. शिवाय किनाऱ्यावर वाऱ्यात लेन्स बदलली की रेती थेट कॅमेऱ्यात, एकच असेल तर तो प्रश्नच येत नाही.

नवी लेन्स घेणं जमत नसेल तर कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किटच्या लेन्सची रिंग ३५ वर चिकटपट्टीने बांधून टाका. कॅमेराच नसेल तर मोबाईल १ एक्सवर ठेवा आणि दोन बोटांनी ओढू नका, त्या ओढण्याने बहुतेक वेळा फोटो नुसता कापला जातो. शिगमो संपल्यावर काकांची लेन्स परत केली आणि तेव्हापासून माझी १८-५५ सुद्धा १८ वर बांधलेली आहे. आता उलटं शिकतेय, एवढं सगळं मावतं की नको ते बाहेर ठेवायला आणखी पुढे जावं लागतं आणि कडेची माणसं ताणली जातात.

संपादक साहेब, माझी विनंती दोन गोष्टींची. वाचकांच्या फोटोखाली गावाच्या नावाबरोबर लेन्स किती एमएमची होती तेही छापा, शिकणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल. आणि १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन आहे, १८३९ मध्ये त्या दिवशी दागेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत पॅरिसमध्ये जगापुढे मांडली गेली, तर त्या दिवशी एक पान फक्त अशा वाचकांना द्या ज्यांनी आधीचा महिनाभर एकच लेन्स वापरली. भाच्याच्या यादीत सध्या दोन लेन्स उरल्यात. तुम्ही पान जाहीर केलंत तर ते कात्रण मी त्याच्या हातात देईन, दुसरी तो स्वतःच खोडेल.

आपली,
एक वाचक, माशेल