त्या आवाजाची नोंद माझ्या वहीत आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा ऐकला-वाचला. एकदा स्वतः चष्मा लावून, आणि दुसऱ्यांदा नातीला मोठ्याने वाचायला लावून, कारण त्यातले निम्मे शब्द माझ्या घशाखाली उतरेनात. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या बातम्या न विचारता वापरल्या म्हणून एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला दावा आणि त्यात न्यायमित्र म्हणून, म्हणजे न्यायालयाला तटस्थपणे सल्ला द्यायला, नेमलेले बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे प्राध्यापक डॉ. अरुल जॉर्ज स्कारिया यांचं काम लेखात नीट समजावलं होतं. पण उदाहरणं सगळी बातम्यांची, पुस्तकांची, चित्रांची, सिनेमातल्या गाण्यांची. आमच्या धंद्याचा कुठे उल्लेख नव्हता. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल.

मी दशावतारी कंपनीतला पेटीवाला. कार्तिक पौर्णिमेला जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत आज कुडाळ, उद्या वेंगुर्ला, परवा सावंतवाडी, कधी पेडणे. चाळीस वर्षं हेच केलं. आता बोटं पहाटेपर्यंत साथ देत नाहीत, म्हणून जवळची जत्रा असेल तरच बसतो.

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या भाच्याने मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. आमच्याच किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टची. चित्रात माडाची झाडं, तळलेले मासे, आणि वरून एक भारदस्त आवाज: ‘हे प्रधाना, आमच्या राज्यात पाहुण्यांचा सत्कार कसा होतो ते यांना दाखव!’ आवाज आमच्या राजपार्टीचा, म्हणजे कंपनीत राजाची कामं करणाऱ्या नटाचा. तो माणूस जाऊन त्या वेळी तीन वर्षं झाली होती. त्याने आयुष्यात जाहिरात केली नाही, आणि हे वाक्य तर कधीच म्हटलं नाही.

मोबाइल घेऊन मी त्याच्या बायकोकडे, वहिनींकडे गेलो. जावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, पण गावातलं दुसरं कोणी ऐकवणारच होतं. त्यांनी एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, ‘भावजी, आवाज त्येंचोच. पण ह्या त्येंनी कधी म्हटल्यानी?’

आवाज नुसता त्याच्यासारखा होता असं मी म्हणत नाही. नकला करणारे पुष्कळ असतात, आमच्याच कंपनीत दोन आहेत. मी ओळखला तो वेगळ्या खुणेने. ‘आमच्या राज्यात’ म्हटल्यावर तो आवाज अर्धा श्वास थांबतो. तो थांबायचा माझ्यासाठी. त्या फटीत मी पेटीवर षड्ज भरायचो आणि पखवाजवाला एक थाप द्यायचा, मग तो पुढचं वाक्य वरच्या पट्टीत उचलायचा. ही सवय आम्हा तिघांत वीस वर्षांत बसलेली. जाहिरातीत पेटी नाही, पखवाज नाही, पण थांबणं मात्र जसंच्या तसं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने आमचे खेळ ऐकल्याशिवाय ते कुठून आलं? माझ्या दृष्टीने एवढा पुरावा पुरे. न्यायालयाला पुरेल का, ते मला माहीत नाही.

आता नातीने कायद्याचं पुस्तक उघडलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नाट्यकृती कशाला म्हणायचं ते लिहिलंय: तिचा आराखडा लेखी किंवा अन्य रीतीने पक्का झालेला हवा. इथेच आमची पंचाईत. दशावतारात संहिता नसते. संध्याकाळी देवळामागे रंगपटीत तोंडाला रंग लागत असताना मालक सांगतात, आज बब्रुवाहन. तू अर्जुन, तू चित्रांगदा. बस्स. बाकी सगळं बाकड्यावर बसल्यावर सुचतं. तोच बाकडा सिंहासन, तोच रथ. आज म्हटलेलं वाक्य उद्या आठवलंच तर आठवलं. मग लेखक कोण? मालक? नट? ज्या भटजींनी त्याला लहानपणी महाभारत सांगितलं ते?

पण त्याच कायद्यात ‘परफॉर्मर’ म्हणजे सादर करणारा कोण, याचीही यादी आहे, आणि ती ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर तिथे डोंबारी आहे, जादूगार आहे, चक्क गारुडी आहे. कायदा लिहिणाऱ्यांना जत्रा माहीत होती म्हणायची. या माणसांचा त्यांच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं टिकतो. खेळ झाला त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजायची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८-अ आलं, त्यात ध्वनिमुद्रण, चित्रण, आणि ते इलेक्ट्रॉनिक किंवा कुठल्याही साधनाने साठवणंसुद्धा सादर करणाऱ्याच्या हक्कात धरलंय.

‘साठवणं’ या शब्दाशी नात थांबली. दिल्लीतल्या दाव्यात न्यायालयाने जे चार प्रश्न काढले त्यातला पहिला हाच: यंत्राला शिकवण्यासाठी दुसऱ्याचा मजकूर साठवला तर ते उल्लंघन होतं का? डॉ. स्कारिया आणि दुसरे न्यायमित्र, वकील आदर्श रामानुजन, यांचं यावर एकमत नाही. म्हणजे दिल्लीत बातम्यांवरून जे ठरेल त्यावर आमच्या वहिनींचंही बरंचसं अवलंबून आहे, आणि त्यांना एएनआय म्हणजे काय तेही ठाऊक नाही.

मधल्या काळात गावात सल्ला द्यायला सगळे पुढे. एक जण म्हणाला, आशाताईंनी मुंबई उच्च न्यायालयातून आपल्या आवाजाची नक्कल थांबवली, तसंच करा. खरं आहे, २०२५ मध्ये तो आदेश झाला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगलाही तिथेच संरक्षण मिळालं. पण ते आपला दावा आपण लावू शकले. दिवंगत नट सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांचा अर्ज २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा असं म्हटलं गेलं की व्यक्तिमत्त्वाचे हे हक्क माणसाबरोबरच संपतात. तेव्हा आमच्या राजपार्टीचा आवाज ‘त्याचा’ म्हणून मागता येणं कठीण. त्याच्या खेळांचं जे चित्रण झालं, त्यावरचा हक्क मात्र उरतो. माणूस गेला, त्याची नाईट, म्हणजे रात्रीच्या खेळाची बिदागी, उरली.

दावा लावायला लांब जावं लागत नाही, हे एक बरं. कलम ६२ नुसार फिर्यादी राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, म्हणजे आम्हाला ओरोस. पुढे अपील करायचं झालं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू आहे, गगनबावड्याचा घाट चढला की झालं. पण दावा कोणावर लावायचा? रिसॉर्टचा माणूस नातीला म्हणाला, ॲपमध्ये ‘दशावतारी राजा’ असं लिहिलं आणि आवाज आला, यात माझा काय दोष? ॲपवाल्याचा पत्ता नाही. त्या ॲपच्या पोटात कोणतं यंत्र आहे, ते कोणी कशावर शिकवलं, हे आम्हाला कळणार कसं?

युरोपात २ ऑगस्ट २०२५ पासून मोठी यंत्रं बनवणाऱ्यांना ती कोणत्या सामग्रीवर शिकवली याचा सारांश जाहीर करावा लागतो. त्या सारांशात कुडाळ तालुक्यातल्या जत्रेचं नाव कोणी घालणार नाही, हे मलाही कळतं. पण निदान कुठून काय उचललं याचं एक दार तरी किलकिलं होतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने एआयच्या कारभाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सात सूत्रं आहेत, पैकी एकाचा आशय असा की रोखण्यापेक्षा नवं घडवण्याला झुकतं माप द्यावं. आमच्या आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, काळ्या वेषातला संकासुर येतो, ज्याने ब्रह्मदेवाचे वेद चोरले. त्याला हे सूत्र फार आवडलं असतं.

असं असलं तरी मी सरसकट विरोधात नाही, आणि हे लिहिलं नाही तर खोटेपणा होईल. मी स्वतः पेटी शिकलो ती मंडपाच्या खांबाला टेकून, दुसऱ्या कंपनीच्या पेटीवाल्याची बोटं बघून. त्याला एक पैसा दिला नाही. आमच्या निम्म्या चाली नाट्यपदांच्या, उरलेल्यांतल्या काही हिंदी सिनेमाच्या, वर शब्द आमचे. शिकण्याला चोरी म्हणायचं तर पहिला चोर मी. नातीची निम्मी पुस्तकं झेरॉक्स आहेत, आणि दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्याविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी लावलेला दावा सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला, हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या लढ्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिलेले शमनाद बशीर हेही कायद्याचे प्राध्यापकच. २०१९ मध्ये ते गेले. ‘आजोबा, तेव्हा आपण झेरॉक्सवाल्याच्या बाजूने आणि आता उलट, असं कसं?’ असं तिने विचारलं, तेव्हा मला लगेच उत्तर सुचलं नाही.

रात्री सुचलं. मी ज्याच्याकडून उचललं त्याच्यासमोर मी पुढची तीस वर्षं वाजवलं. माझं चुकलं की तो जत्रेतच सर्वांदेखत म्हणायचा, ही माझी जागा, नीट घे. त्याला मला गाठता येत होतं. वहिनींना कोणाला गाठता येत नाही. प्राध्यापक मंडळी यंत्राला शिकवणं वेगळं नि त्यातून बाहेर काय पडतं ते वेगळं, असा भेद करतात, तो मला पटतो. माझं भांडण दुसऱ्या भागाशी जास्त आहे. खुशाल ऐका आमचे खेळ, आम्ही मोबाइल वर धरणाऱ्याला कधी अडवलं नाही, उलट मालक म्हणायचे, टाका यूट्यूबवर, सुपाऱ्या वाढतील. पण ऐकायला दिलं म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडी मासळीच्या थाळीचा भाव घालायला दिलं, असं होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याच्या समितीने एक मसुदा मांडला. त्यात असं सुचवलंय की एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गाने मिळालेल्या सगळ्या कृतींवर यंत्र शिकवण्याचा सरसकट परवाना असावा, निर्मात्याला नाही म्हणता येणार नाही, पण कंपनीच्या उत्पन्नातून मानधन गोळा करणारी एक संस्था असेल आणि ती ते वाटेल. नाही म्हणण्याचा हक्क गेला हे मला आवडलं नाही. पण मानधन येणार असेल तर येऊ दे. माझी शंका साधी आहे. त्या संस्थेच्या अर्जावर ‘कृतीचं नाव’ आणि ‘लेखक’ असे दोन रकाने असतील. आम्ही तिथे काय भरायचं? गीतकार-संगीतकारांच्या सोसायट्या आहेत, प्रकाशकांच्या संघटना आहेत, ते आपला वाटा मागायला जातील. दशावतारी, नमन-खेळेवाले, जाखडीवाले अशा कोकणातल्या लोककलावंतांच्या वतीने त्या खोलीत कोण बसणार? आणि तो मसुदा मराठीत कोणी वाचला? माझ्या नातीने मला इंग्रजीतून सांगितला, म्हणून मला कळला. मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्येच मिळालाय, तेव्हा एवढा एक कागद मराठीत करायला हरकत नसावी.

कायद्याच्या प्राध्यापकांना माझी विनंती अशी की एकदा जत्रेच्या दिवसांत खाली उतरून यावं. रंगपटीत बसावं, रात्रभर खेळ बघावा, आणि मग सांगावं की यात पक्कं झालेलं काय आणि न झालेलं काय, आणि नट थांबतो ती अर्धी मात्रा कोणाची. जेवणाची सोय आम्ही करू.

माझ्याकडून जे देता येईल ते असं. १९८६ पासून मी वह्या ठेवल्यात. तारीख, गाव, आख्यान, कोणी काय केलं, नाईट किती मिळाली. पहिल्या वर्षी माझी नाईट २५ रुपये होती. यूट्यूबवरच्या ज्या खेळात तो ‘आमच्या राज्यात’ म्हणून थांबतो, त्याची नोंद २०१७ च्या वहीत आहे: गाव, तिथी, पखवाजावर कोण, पेटीवर मी. नातीने हिशेब केला, त्या रात्रीवरचा हक्क २०६७ अखेरपर्यंत चालतो. कोणी विद्यापीठ, कोणी वकील किंवा आपलं वृत्तपत्र या नोंदी उतरवून घेणार असेल तर वह्या द्यायला मी तयार आहे. मात्र त्या मूळ आहेत. झेरॉक्स काढून परत द्याव्यात.

आपला,
एक पेटीवाला
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव-पत्ता आपल्याकडे वेगळा पाठवला आहे.)

ता. क. नातीने दोनदा फोन केल्यावर रिसॉर्टने ती जाहिरात काढून टाकली. ॲपमध्ये ‘दशावतारी राजा’ अजून आहे. काल पुन्हा लावून बघितला, तिथेच थांबतो.