निकोलायची मेडलं सांगता, तर पाण्याची बाटलीही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कडक शिस्तीच्या जुन्या कोचेसवर आपल्या पेपरात आलं होतं ते वाचलं. आपल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचे परदेशी कोच निकोलाय स्नेसारेव यांचं त्यात भरभरून कौतुक होतं, ते चुकीचं नाही पण अर्धंच आहे म्हणून लिहायला बसलो. मी माण तालुक्यातला, त्यांच्या हाताखाली पळलेल्या ललिता बाबरचं मोही गाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे आमच्याकडे हा विषय घरचाच आहे.

त्या माणसाने दिलंय ते खरंच मोठं आहे. बेलारूसहून २००५ ला आले आणि पाच वर्षांत ग्वांगझूच्या एशियाडमधे प्रीजा श्रीधरनला १०,००० मीटरचं गोल्ड, सुधा सिंगला स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ३,००० मीटरची शर्यत) गोल्ड, आपल्या नाशिकच्या कविता राऊतला १०,००० ला सिल्व्हर आणि ५,००० ला ब्राँझ. मग २०१६ ला रिओत ललिता ९:१९.७६ ची वेळ काढून स्टीपलचेसच्या फायनलला गेली, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. फायनल १५ ऑगस्टला होती, दहावी आली तरी आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे उभे होते.

पण आदल्याच दिवशी, १४ ऑगस्टला, त्याच कोचची ओ. पी. जैशा मॅरेथॉन संपवून फिनिश लाइनवर कोसळली. रस्त्यात प्रत्येक देशाला टेबल देतात, आपल्या खेळाडूची बाटली तिथे ठेवता येते, आणि भारताच्या टेबलावर काहीच नव्हतं असं ती म्हणाली. अॅथलेटिक्स फेडरेशन म्हणालं आम्ही विचारलेलं, कोच नको म्हणाले. चौकशी झाली तेव्हाही ठपका कोचवरच आला. ४२ किलोमीटर पळणार ती, आणि तिला प्यायला काय हवं ते तिला न विचारता दुसरंच कुणी ठरवणार, याला शिस्त कसं म्हणायचं?

हे वाचून मला तेव्हा झोप लागली नव्हती, कारण शाळेत आमचे एक सर होते, नाव सांगत नाही. प्रॅक्टिस संपेपर्यंत पाणी बंद, पाणी प्यालास तर पोटात कळ येईल म्हणायचे. ग्राउंडच्या कडेला बोअरचा पाइप गळायचा, तिथली माती ओली असायची, आणि आम्ही प्रत्येक राउंडला त्या ओल्या मातीकडे बघत पुढे जायचो. एप्रिलमधे एक पोरगा चक्कर येऊन पडला तर सर म्हणाले नाटकं करतोय. तेच सर पहाटे पाचला आमच्या आधी ग्राउंडवर असायचे आणि स्वतःच्या पगारातून आम्हाला बूट घ्यायचे, हेही तितकंच खरं आहे. म्हणून तर राग धड धरता येत नाही.

बीडच्या अविनाश साबळेलाही निकोलायच्या कडक रुटीनशी जमलं नाही, तो दुसरे कोच अमरीश कुमार सरांकडे गेला, आणि गोपाल सैनींचा स्टीपलचेसचा ३७ वर्षं जुना रेकॉर्ड त्याने २०१८ ला मोडला. निकोलाय शेवटी भारतात परत आले ते टोकियोसाठी त्याच अविनाशला तयार करायला, आणि ५ मार्च २०२१ ला पटियालाच्या हॉस्टेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. वय ७२. दुसऱ्या देशातल्या पोरांसाठी त्या वयात परत येणारा माणूस वाईट नसतो, हे मी मनापासून म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच की आता आमच्या तालुक्यातले नवीन कोच त्यांचं ओरडणंच तेवढं उचलतायत, 'निकोलाय असाच होता' म्हणून पोरींना गप्प करतायत. माझी मुलगी आठवीत आहे, ८०० मीटर पळते, मागच्या महिन्यात पायाची नळी दुखत होती तरी तिने सरांना सांगितलं नाही, मला म्हणाली, बाबा, सांगितलं तर टीममधून काढतील.

पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा कविता, ललिता, जैशा यांच्याशी बोलून करा, ही विनंती. ऊटीच्या थंडीत कॅम्प त्यांनी काढलेत, काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते त्या सांगतील.

आपला,
एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)