रविवारची मैफल आणि आपण

संपादक महोदय,

कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर काही आफ्रिकी विद्यार्थी राहतात. रविवारी त्यांच्याकडे गर्दी जमते, तशी सोसायटीच्या ग्रुपवर कुरकुर सुरू होते. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती म्हणून पार्सल द्यायला वर गेलो, तर गॅलरीत एक मुलगी दुसरीच्या बारीक वेण्या घालत बसलेली. चार-पाच तासांचं काम! पार्लरवाल्या या केसांना हात लावत नाहीत म्हणे. आत रव्याचा घट्ट गोळा शिजत होता. कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, पीठ सहज मिळत नाही, म्हणून 'फुफू'साठी, म्हणजे त्यांच्या या गोळ्यासाठी, आपला उपम्याचा रवा.

तिथंच नव्या मुलाला जुना विद्यार्थी समजावत होता: चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी कशी करायची, कुठला एजंट फोनवर 'हो' म्हणतो आणि चेहरा पाहिल्यावर 'फ्लॅट गेला' सांगतो, रात्री एकट्यानं कुठून जायचं नाही.

हा शेवटचा सल्ला उगाच नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या तरुणाला रिक्षावरून झालेल्या वादात ठेचून मारलं; मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमाव धावून गेला. तेव्हा 'घराबाहेर पडू नका' हे त्यांना त्यांच्याच विद्यार्थी संघटनेनं कळवलं होतं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचे फोटो आपण कौतुकानं फॉरवर्ड करतो. इथं मात्र दहाजण जमले की 'अड्डा'. महाविद्यालयांनी निदान भाडेकराराच्या वेळी आपला एक माणूस सोबत पाठवावा.

– एक वाचक, कोंढवा, पुणे