साहेब, काय झालं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. निवृत्तीनंतर सकाळी साडेदहाला माझे पाय कुठे वळतात, असं विचारलंयस. पहिला आठवडाभर कोर्टाकडेच वळत होते. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, तुमची तारीख नाही आता कुठे."

तू डेस्कवर बसून म्हणायचास, कोर्ट बीट म्हणजे आयत्या बातम्या. आयत्या! बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून एका कोर्टात ठाण मांडावं, पुकारा व्हावा, वकिलांनी मुदत मागावी, पुढची तारीख पडावी आणि तेवढ्यात शेजारच्या कोर्टात निकाल लागून मोकळा! अशा वेळी तारणहार एकच, शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचा कारकून. वकिलांना काहीतरी छापून आणायचं असतं, म्हणून त्यांचं चाळणीतून घ्यावं लागतं. शिरस्तेदाराला काहीच छापून आणायचं नसतं. तो नुसती मान हलवायचा, पण बातमी पक्की असायची.

एकदा मात्र चांगला भाजलो, आठवतंय? न्यायाधीश भर सुनावणीत तपास अधिकाऱ्यावर उखडले, मी तेवढंच उचललं आणि तू वर झणझणीत मथळा चढवलास. लेखी आदेश आला तर त्यात त्यातला एक शब्द नाही! खुलासा छापावा लागला. तेव्हापासून प्रत हातात पडल्याशिवाय 'आदेश दिला' असं कधी लिहिलं नाही.

'न्याय होताना दिसलाही पाहिजे' हे वाक्य आपल्या अग्रलेखांनी पार झिजवलं. ते १९२३ सालचं, इंग्लंडचे तेव्हाचे सरन्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांचं. मूळ प्रकरण मोटारसायकलच्या टकरीचं. दंडाधिकाऱ्यांबरोबर आतल्या खोलीत गेलेला कारकून ज्या वकिली फर्मचा, तीच फर्म आरोपीविरुद्ध नुकसानभरपाईचं काम बघत होती. कारकुनाचं मत आत कुणी विचारलंही नव्हतं, तरी शिक्षा रद्द झाली. मला हे प्रकरण फार आवडतं, कारण त्यातही मुख्य पात्र कारकूनच.

पण दिसून भागत नाही रे, ऐकूही यायला हवं. तो माणूस तुला आठवत असेल, अफरातफरीच्या खटल्यातला. निकालाच्या दिवशी न्यायाधीश पुटपुटल्यासारखं दोन वाक्यं बोलले, पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, त्याचा वकील फाईल आवरून दुसऱ्या कोर्टाकडे धावला. हा आपला पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून उभाच. जवळ मीच होतो. मला म्हणाला, "साहेब, काय झालं?"

म्हटलं, "सुटलात तुम्ही."

तरी त्याचा हात कठड्यावरून निघेना.

त्याच्या अटकेची बातमी आपण चार कॉलम लावली होती, फोटोसकट. सुटकेच्या पाच ओळी, सातव्या पानावर तळाला. दोष देत नाही तुला. त्या दिवशी पानभर जाहिराती होत्या, आणि मी तरी कुठे भांडलो?

परवा तो घरी आला होता. नोकरीसाठी जातो तिथे त्याचं नाव इंटरनेटवर टाकून बघतात आणि अजून अटकच वर येते म्हणे. निकालाची नक्कल आहे त्याच्याकडे, पण "चाळीस पानं कोण वाचतो, साहेब? तुमची बातमी द्या." मी कात्रणांची वही काढली. अटकेचं कात्रण नीट चिकटवलेलं आहे. सुटकेचं मी कापूनच ठेवलं नव्हतं.

तू जुने अंक जपून ठेवतोस. पान सात, तळाला, डावीकडे. बघशील का?

तुझाच,
बाकावरचा बातमीदार