बाबांच्या सिबिलमधल्या चुका आणि बँकेत द्यायचा अर्ज

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचा क्रेडिट रिपोर्ट नीट वाचला. मांगराच्या छपराचं कर्ज नाकारताना बँकेचे मॅनेजर 'सिबिल कमी आहे' एवढंच म्हणाले, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा स्कोअर कमी आहे. रिपोर्टात खटकणाऱ्या नोंदी तीन आहेत, पण चुका दोनच. तिसरी नोंद खरी आहे, म्हणून ती आधी सांगते.

काकांच्या होडीच्या इंजिनाच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात. ते कर्ज तुमच्या रिपोर्टात 'गॅरंटर' म्हणून दिसतं. खाली महिन्यामहिन्याचे चौकोन आहेत. त्यात ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० किंवा ०६० म्हणजे तितके दिवस उशीर. 'एक्सएक्सएक्स' असेल तिथे बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही, त्याची धास्ती नको. काकांनी थकबाकी भरली तरी मागचे चौकोन तसेच राहतील, पुढचे सुधारतील. त्यामुळे याबाबत बोलायचं ते काकांशीच. बँकेशी भांडून काही निघणार नाही.

आता पहिली चूक, कलमांवरचं पीककर्ज, म्हणजे केसीसी (किसान क्रेडिट कार्ड). तुम्ही सगळे पैसे भरलेत, तरी खातं चालू आणि वर थोडी थकबाकी दाखवतंय. केसीसी हे फिरतं खातं असतं. शिल्लक शून्य केली तरी ते आपोआप बंद होत नाही, बंद करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. तो दिला नाही तर पुढे खात्याचं शुल्क पडू शकतं. फळपीक विम्याचा हप्ताही पडू शकतो. २०२० च्या खरिपापासून कर्जदाराला विमा ऐच्छिक आहे, पण 'नको' असं मुदतीआधी लिहून दिलं नाही तर बँक हप्ता कापते. मग त्या रकमेवर व्याज चढतं आणि रिपोर्टात वर्षानुवर्षं थकबाकी दिसत राहते. म्हणून आधी त्या खात्याचा, शेवटचा भरणा केल्यापासून आजपर्यंतचा उतारा मागा. शून्यानंतर काय पडलंय ते त्यात ओळीने दिसेल.

रक्कम खरीच निघत असेल तर पूर्ण भरा किंवा ते शुल्क बँकेकडून माफ करून घ्या. 'सेटलमेंट करून टाका' असं कोणी म्हणालं तर मात्र मान्य करू नका. तडजोड केली की नोंद 'सेटल्ड' होते आणि पुढची बँक तिचा अर्थ 'पैसे बुडवले' असाच लावते. आपल्याला 'क्लोज्ड' हवं, शिल्लक शून्य आणि बंद झाल्याच्या तारखेसह.

दुसरी चूक दुचाकीच्या कर्जाची. फायनान्स कंपनी आपल्या ओळखीची नाही, गाडी तर नाहीच. आपल्या भागात एकाच आडनावाची निम्मी वाडी असते, वडिलांची नावंही जुळतात. तेव्हा नामसाधर्म्याचा घोटाळा असण्याचीच शक्यता जास्त. पण गृहीत धरू नका. कंपनीकडे कर्जाचा अर्ज, फोटो, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा पुरावा मागा. पॅन दुसऱ्याचा निघाला तर नुसती दुरुस्ती पुरे. तुमचा निघाला तर ती फसवणूक आहे. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार करायची आणि तिची प्रत तक्रारीला जोडायची. 'त्रास नको, भरून टाकू' म्हणून एक हप्ताही भरू नका. भरलात की कर्ज तुमचं असल्याचं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल.

दुरुस्तीसाठी अर्ज दोन ठिकाणी, एकाच दिवशी द्यायचे: रिपोर्टवाल्या कंपनीकडे आणि कर्ज दिलेल्या बँकेकडे. रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. साइटवर पैशांचा प्लॅन मोठ्या अक्षरांत असतो, फुकटची लिंक शोधावी लागते. एकीकडची दुरुस्ती बाकी तिघींत आपोआप होईलच असं नाही, म्हणून चारही बघूया. आपला रिपोर्ट आपण पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. उतरतो तो दहा बँकांत अर्ज टाकल्याने. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे कर्ज मागू नका.

ऑनलाइन तक्रार मी इथून टाकते. ओटीपी तुमच्या फोनवर येईल आणि त्याची मुदत काही मिनिटांचीच असते. तेव्हा टॉवर चालू असताना पडवीत बसून मला फोन लावा. प्रत्येक खात्याची तक्रार वेगळी टाकणार आहे. सगळं एकत्र लिहिलं की एकाचं उत्तर येतं आणि बाकीचं राहून जातं.

बँकेचा अर्ज तुम्हालाच नेऊन द्यायचाय. मजकूर एवढाच: 'माझे केसीसी खाते क्र. ... मी दि. ... रोजी पूर्ण फेडले आहे. क्रेडिट रिपोर्टमध्ये ते चालू व थकीत दिसते. ते बंद, शिल्लक शून्य, थकबाकी शून्य अशी दुरुस्ती चारही कंपन्यांना कळवावी आणि बेबाकी दाखला द्यावा.' खाली सही बँकेत आहे तशीच. सोबत पासबुकाची झेरॉक्स आणि सातबारावरचा बोजा उतरल्याचा फेरफार असेल तर तो. दोन प्रती न्या. एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. तोंडी 'बघतो' म्हणाले तर पोच मिळेपर्यंत उठू नका, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेवर मोजायची आहे.

मुदत एकूण ३० दिवसांची आहे. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची, उरलेल्या दिवसांत रिपोर्टवाल्या कंपनीने ती चढवायची. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा की, ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ज्याच्याकडून उशीर झाला त्याने ती द्यायची. सिबिल स्वतःहून आकडा बदलू शकत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदलतो. म्हणून शाखेचा पाठपुरावा जास्त महत्त्वाचा. नकार आला तर कारण लेखी मागा, ते देणं बँकेला बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. सीएमएस या त्यांच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार फुकट होते, माहितीसाठी १४४४८. ते मी करेन, मला फक्त पोचेचा फोटो पाठवा.

आई, तुझ्या रिपोर्टात माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं आहेत. पॅन एकच असल्याने यात घाबरण्यासारखं काही नाही, पॅनची प्रत जोडून ते सरळ करता येईल. तुझं काम वेगळं आहे. ट्रंकेतल्या पावत्या पावसाआधी बाहेर काढ. एटीएमच्या चकचकीत कागदावरच्या पावत्यांची अक्षरं उडतात, त्यांची आधी झेरॉक्स काढून ठेव. बाकीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, नाहीतर आषाढात बुरशी धरेल.

आणखी एक. 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे एजंट तालुक्याला फिरतात. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही आणि चुकीची पुसायला पैसे लागत नाहीत. त्यांच्यापैकी कुणालाही पॅनची झेरॉक्स देऊ नका, ओटीपी तर नाहीच.

सोमवारी बाजाराची गर्दी असते, तेव्हा मंगळवारी दहाच्या सुमारास शाखेत जा.

तुमची,
नीलू