आपल्या जिभेची कॉफी

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. १४ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मुलाने कौतुकाने आणलेली महागडी कॉफी तुला मुळीच आवडली नाही, आता या वयात आपल्या जिभेतच काही दोष असावा, आणि तुला यातले कळते म्हणून चांगली कॉफी कोणती ते एका ओळीत कळव, असे तू लिहिले आहेस. एका ओळीत कळवणे मला जमणार नाही. पण तुझ्या जिभेत दोष नाही, एवढे आधीच सांगून टाकतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन आणि नंतर जायफळ घातलेली दाट, गोड कॉफी पिऊन तयार झालेली ती जीभ आहे. तिला मुलाच्या आवडीची कॉफी एकदम आवडावी, ही अपेक्षाच चुकीची.

माझेही तीन वर्षांपूर्वी हेच झाले होते. पाकिटावर संत्रे, मोगरा आणि मध अशा चवींची नावे वाचून मी पाव किलो कॉफी मागवली आणि घरच्या रीतीप्रमाणे दुधात साखर घालून खळखळ उकळली. पहिल्या घोटाला मी कप खाली ठेवला आणि सौभाग्यवतींनी दूध नासले की काय म्हणून पातेले हुंगून पाहिले. दूध ताजे होते. मी विक्रेत्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि पाकीट फडताळात मागे सारले. पुढे काही दिवसांनी ताराबाई पार्कातल्या एका लहानशा दुकानात तिथल्या मुलाने त्याच जातीची, तेवढीच हलकी भाजलेली कॉफी बिनदुधाची, बिनसाखरेची, काचेच्या पेल्यात दिली. ती दिसायला पातळ चहासारखी होती, पण आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जिभेवर जशी गोडी उमटते, तशी गोडी तिच्यामागून आली. दोष कॉफीचा नव्हता. मी तिला भलत्या जागी नेऊन बसवले होते.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न ‘अरेबिका की रोबस्टा’ (कॉफीच्या या दोन मुख्य जाती) हा नसून ‘दूध घालणार की नाही’ हा आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. हा स्निग्धांश आणि दुधातली प्रथिने मिळून कॉफीचा कडवटपणा मऊ करतात, पण त्याबरोबर तिचे नाजूक वासही झाकून टाकतात. मागे उरतो तो उघडा पडलेला आंबटपणा. हलक्या भाजणीत बियांमधली आम्ले बरीचशी टिकून राहतात, भाजणी गडद होत जाते तशी ती मोडतात आणि कडवट, खरपूस चव पुढे येते. तुला दूध सोडायचे नसेल तर मध्यम ते गडद भाजणीची कॉफी घे, तिच्यात थोडा रोबस्टा असला तरी लाजू नकोस. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, ती अधिक कडू आणि दाट असते, आणि दुधातूनही तिचा आवाज ऐकू येतो. उगाच नाक मुरडणारे मुरडोत.

चिकोरीचेही तसेच. ती एका झाडाची मुळी. भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफीन नसते, पण रंग, दाटपणा आणि एक कडसर गोडी ती देते. दुकानात ८०:२० किंवा ७०:३० म्हणतात त्यातला दुसरा आकडा तिचा. मी बरेच दिवस तिला भेसळ समजत होतो. आता जेवणानंतरच्या दुधाच्या कॉफीसाठी मला ८०:२० लागते आणि सकाळच्या काळ्या कॉफीत ती चिमूटभरही चालत नाही.

पाकिटावरच्या अक्षरांनी मात्र बिचकू नकोस. ‘प्लँटेशन ए’ म्हणजे आपल्याकडे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली अरेबिका, आणि ‘ए’ हे अक्षर दाण्याच्या आकारासाठी आहे, चवीच्या पहिल्या नंबरासाठी नव्हे. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. ‘पीबेरी’ म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ते दाणे. त्यांचे फार कौतुक होते, मला स्वतःला त्यात विशेष फरक कधी जाणवलेला नाही.

आता खरी मेख. ‘आवडली नाही’ म्हणताना आपण आंबट आणि कडू यांची गल्लत करतो. पुढच्या वेळी घोट तोंडात क्षणभर धरून बघ: जिभेच्या कडांना चिमटा बसून लाळ सुटली तर ते आंबट, गिळल्यावर घशाशी कारल्यासारखे रेंगाळले तर ते कडू. हे कळणे महत्त्वाचे, कारण दोन्हींवरचे उपाय उलट दिशेचे आहेत. पाण्यात कॉफी उतरताना आधी आम्ले उतरतात, मग गोडी आणि शेवटी कडवटपणा. तेव्हा कॉफी बोचरी आंबट लागली तर दळण थोडे बारीक कर किंवा पाणी अधिक गरम घे. कडू लागली तर दळण रव्यासारखे जाडसर कर किंवा वेळ कमी कर. अट एवढीच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी सुरुवातीला बी, दळण, पाणी आणि भांडे एका दमात बदलत असे आणि मग कशामुळे काय बिघडले ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आता काळ्या कॉफीला पंधरा ग्रॅम पूड आणि २४० मिलिलिटर पाणी हे माप धरून ठेवतो आणि उरलेल्यापैकी एकच काही हलवतो. दुकानदाराच्या जुन्या डायरीत रोज एक ओळ लिहितो. पुष्कळ ओळी ‘पाणचट’ या एका शब्दाच्या आहेत.

यंत्रांच्या नादी इतक्यात लागू नकोस. महाद्वार रोडवरून आणलेला माझा पितळी फिल्टर अजून बिनतक्रार चालतो. वरच्या भांड्यात पूड भरायची, दांडीच्या चकतीने हलकेच दाबायची (जोराने नव्हे, नाहीतर पाणी तासभर वरच तुंबते), उकळी बसलेले पाणी ओतायचे आणि वीस मिनिटे हात लावायचा नाही. खाली थेंब पडतानाचा आवाज पावसाळी सकाळी विशेष छान लागतो.

एक फजिती सांगतो, पण घरी सांगू नकोस. गेल्या वैशाखात वर्षाचा कांदा-लसूण मसाला कुटून आणला तेव्हा त्याच्या बरणीशेजारी कॉफीचा सैल झाकणाचा डबा ठेवला गेला. कॉफी शेजारचा वास चटकन ओढून घेते. आठवडाभर माझी सकाळची कॉफी मिसळीच्या कटाच्या वासाची होती आणि मी मात्र भाजणाऱ्याला दोष देत होतो. तेव्हा डबा घट्ट झाकणाचा घे, शेगडीपासून लांब ठेव, आणि शक्य तर बिया आणून लागतील तेवढ्याच दळ. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घे. भाजल्यावर आठवडाभराने चव बसते आणि महिन्याभरात ती उतरू लागते.

तुझी आंबटाची नावड पाहता मला राहून राहून मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी वाऱ्यात मुरवलेली कॉफी, आठवते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवा लागून आपल्या बिया फुगत, पिवळट होत आणि त्यांचा आंबटपणा मावळत असे. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, प्रवास आखडला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव मिळेना. म्हणून आता मंगळूरच्या किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळाभर बिया पसरून मुद्दाम वारा खायला घालतात. चव मवाळ, दाट, किंचित ओल्या मातीकडे झुकणारी. इथे सध्या रंकाळ्यावर जे आभाळ उतरले आहे, त्याच्याशी ती फार जुळते. आपल्या शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. ती कॉफी टिकून रुजली असती तर आपणही एखादा वारा आपल्या नावाने मिरवला असता.

या पत्राबरोबर शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन पुड्या पाठवत आहे. त्यांवर १ आणि २ एवढेच लिहिले आहे. कोणती कशाची ते मुद्दाम लिहिलेले नाही, नाहीतर तू नाव वाचून चव ठरवशील. दोन्ही सारख्याच मापाने कर, आधी दोन घोट काळी आणि मग तुझ्या नेहमीच्या दुधात. आंबट, कडू, दाट, पाणचट, जे वाटेल ते कळव. शब्द सुचला नाही तर ‘दुसरा कप घेतला’ किंवा ‘मोरीत ओतली’ एवढे लिहिलेस तरी चालेल. पुड्यांची नावे लिहिलेला कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुझे उत्तर आले की उघडतो.

वहिनींना नमस्कार, मुलाला आशीर्वाद.

तुझा,
अनिल